समोरच्या खोलीसाठी गारवा

मी बॉयलरचं लाल बटण सातव्यांदा दाबलं. पंखा घुरघुरत सुरू झाला, आत ठिणगी तडतडली. दहा-बारा सेकंदांनी खट्ट आवाज झाला आणि सगळं गप्प. बटणात पुन्हा लाल दिवा.

बाबांना पुरून आठ दिवस झाले होते. दुसऱ्याच दिवशी आईची छाती भरली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. आज दुपारी सोडलं. "घर उबदार राहणार असेल तरच," डॉक्टर म्हणाले होते, आणि मी विचार न करता हो म्हटलं होतं. दार उघडलं तेव्हा बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त थंडी होती.

घर गरम करणाऱ्या त्या बॉयलरला बाबांनी कधी कोणाला हात लावू दिला नाही. मला पुस्तकांतलं पुष्कळ कळतं. या पत्र्याच्या पेटीतलं काही कळत नव्हतं.

दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"तेल आहे का टाकीत?"

"काठी घालून पाहिलं. अर्धी भरलीय."

"मग नळीत हवा शिरली असेल. लेट्रिम जिल्हाभर गोठलेत सगळे, बाई. सोमवारच्या आत जमणार नाही."

आज शुक्रवार होता. मी आत गेले. आई कोट न काढताच समोरच्या खोलीत बसली होती. शवपेटी ठेवायला सरकवलेलं टेबल अजून भिंतीशीच होतं.

"आई, डब्लिनला चल माझ्याकडे. चारच दिवस."

"त्यांच्यासाठीची महिन्याची प्रार्थना होईपर्यंत मी इथून हलणार नाही, ऊना. सांगितलंय मी तुला." ती खोकली. खोकला थांबायला बराच वेळ लागला. "तुझ्या बाबांच्या हातानं पहिल्या झटक्यात लागायचा तो बॉयलर."

रस्त्यापलीकडचे शेजारी फिंटन खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन आले. सत्तरी उलटलेला माणूस, बाबांचा शाळेपासूनचा मित्र. दारातच थबकले.

"अगं, इथं मासे ठेवायचेत की काय?"

"बॉयलर लागत नाही."

ते काहीतरी विनोद करणार होते, पण तोंड तसंच राहिलं. भांडं माझ्या हातात देऊन ते तडक परसात गेले. मी मागे गेले. ते टाकीपाशी वाकले होते.

"मीच, पोरी," ते म्हणाले. "तुझा बाप मॅलकी समोरच्या खोलीत पेटीत होता, शंभर माणसं घरात, आणि भिंतीवरचा तो रेडिएटर नुसता भाजत होता. शवपेटीवाला म्हणाला, खोली गार ठेवा. रेडिएटरचा नळ गंजलेला, हलेना. बॉयलरचं ते घड्याळाचं यंत्र मला समजत नाही. म्हणून इथला टाकीचा तेलाचा कॉकच बंद केला. नंतर चहा ओतत बसलो आणि विसरलो."

म्हणजे नळीत उरलेलं तेल ओढून बॉयलर रिकाम्या नळीवर विझला होता, आणि गर्दीच्या उबेत कोणाला कळलंही नव्हतं.

"तुझा बाप असता तर मला ह्याच टाकीत बुडवलं असतं."

"आधी शिव्या दिल्या असत्या," मी म्हटलं.

त्यांनी कॉक उघडला. आता बॉयलरच्या पंपाचा छोटा स्क्रू सैल करून हवा काढायची होती. मी मोबाइलचा उजेड धरला, फिंटननी स्क्रूची चावी लावली. चावी सटकली. पुन्हा लावली, पुन्हा सटकली. स्क्रूचं तोंड झिजून गुळगुळीत झालं.

"मी बघू?" मी चावी घेतली. माझीही सटकली. हाताला रॉकेलसारखा वास लागला, बाबांच्या स्वेटरला असायचा तो.

तरी मी बटण दाबलं. पंखा, तडतड, खट्ट.

"अजून एकदा दाब," फिंटन म्हणाले. मी दाबलं. कितीदा दाबलं ते आठवत नाही. चार वाजून गेले आणि बाहेर अंधारायला लागलं.

आम्ही आत आलो. आईनं आमच्या तोंडाकडे पाहिलं.

फिंटननी टोपी हातात घेतली. "डेलिया, चूक माझी. मी कॉक बंद केला."

"मीच तर म्हटलं होतं तुला, काहीतरी कर म्हणून," आई म्हणाली. "त्याला उकाडा सोसायचा नाही."

"माझ्या घरी बहिणीची खोली रिकामी आहे. शेगडी पेटलेली आहे. रस्ता ओलांडला की झालं. खिडकीतून हे दार दिसतं."

आईला खोकला आला. ह्या वेळी तिनं खुर्चीचा दांडा धरला, आणि मी तिची पाठ धरली. कोटातूनही हाडं लागत होती. खोकला थांबल्यावर तिनं त्या टेबलाकडे पाहिलं.

"माझी पर्स दे," ती म्हणाली. मग दारात पोचल्यावर, फिंटनच्या दंडाला धरून, वळली. "ऊना, तो कॉक बंद करून ये. उघडा राहिला तर गळून जाईल तेल."

मी परसात गेले. कॉक मघाशीच फिंटननी सैल केलेला होता. सहज फिरला.