पाणी माहेरी निघालं

सामुद्रधुनीच्या अलीकडे थोरला समुद्र, पलीकडे धाकटा. पाणी सहा महिने थोरल्याकडून धाकट्याकडे वाहतं, सहा महिने उलटं. घरात त्याला म्हणत, पाणी सासरी गेलं, पाणी माहेरी निघालं. ही बोली सासूबाईंच्या यजमानांची. ते होडीवाले. धक्क्याच्या खांबावरचं शेवाळ कुठल्या अंगाला वळलंय ते पाहूनच होडी सोडायचे. ते गेल्यावर सासूबाईंनी तोच नेम धरला. शेवाळ पाहिल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. एकवीस वर्षं झाली.

सून बंदराच्या कचेरीत पाण्यात सोडलेल्या यंत्रावरून प्रवाह मोजायचं काम बघायची. आज दुपारी नव्या पुलाचा पोलादी तुकडा बार्जवरून सामुद्रधुनीतून न्यायचा होता. पाणी कुणीकडे ओढतंय त्यावर बार्ज ओढणाऱ्या टगबोटी कुठे बांधायच्या ते ठरणार. चुकलं तर बार्ज थेट पुलाच्या खांबावर. सही सुनेची.

"यंत्र म्हणतंय, अजून सासरीच आहे," सून चहा गाळत म्हणाली.

"परवाच माहेरी निघालं ते. तुझ्या यंत्राला कुणी कळवलं नाही वाटतं."

"आई, यंत्र रात्रंदिवस पाण्यात असतं."

"मासाही असतो. त्याला विचारून सही करतेस का?"

सून हसली, पण चहा तसाच ठेवून निघून गेली. सासूबाईंचं मन खाऊ लागलं. नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. आपल्या नेमापायी पोरीची नोकरी जायची. देवापुढे बसल्या, जप लागेना. शेवटी चप्पल घालून धक्क्यावर गेल्या.

तिथे मोठे साहेब सुनेला विचारत होते, "मॅडम, यंत्र एक सांगतं, तुम्ही दुसरंच. कुणाच्या भरवशावर?"

"आमच्या आईंच्या. शिवाय धक्क्याचे बाराही खांब मी आत्ता स्वतः बघून आले." आणि तिने सही केली.

"आता ते यंत्र वर काढा," ती खलाशांना म्हणाली.

दोर ओढला. यंत्रावर शिंपल्यांचा ढीग बसला होता. त्या भाराने त्याला वर धरणारा तरंगा बुडून यंत्र पार खाली लोंबत होतं आणि तळाच्या पाण्याची खबर देत होतं. तळाचं पाणी अजून सासरी, वरचं केव्हाच माहेरी. साहेबांनी टगबोटींना सुनेच्या कागदाप्रमाणे दोर बांधायला सांगितलं. बार्ज कुठे न घासता पार झाली.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. "तुमचं शेवाळ खरं ठरलं म्हणे."

सासूबाई सुनेसाठी नव्याने चहा टाकत होत्या. आजवर त्यांनी सुनेच्या पोळीलासुद्धा कधी बरी म्हटलं नव्हतं.

"शेवाळ काय, कुणालाही दिसतं," त्या म्हणाल्या, आत सुनेला ऐकू जाईल अशा बेताने. "सही करायला छाती लागते."