साहेबांच्या संगणकावरचा रस्ता

बांधकाम खात्यातल्या त्या साहेबांना आमच्या गल्लीत 'दिसतंयसाहेब' म्हणतात. हे नाव माझ्या आत्याने ठेवलं. आत्याचं चष्म्याचं दुकान आहे, तेव्हा कोणाला काय दिसतं याबाबत तिचाच शब्द शेवटचा. गल्लीतून कोणीही फोन करून म्हटलं, "साहेब, तुमच्या संकेतस्थळावरचा आराखडा उघडत नाही," की पलीकडून उत्तर ठरलेलं, "मला तर दिसतंय." मग फुकटचे सल्ले. ब्राउझर अपडेट करा. ब्राउझर बदला. फोन बंद करून चालू करा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे नाचणारा खुर्चीतून उठायलाही तयार नव्हता आणि अंगण मात्र आमचं खणायला निघाला होता.

प्रकरण रस्त्याचं. आमच्या गल्लीचा रस्ता रुंद करायचा, असं खात्याने ठरवलं आणि त्याचा आराखडा पीडीएफ करून संकेतस्थळावर 'प्रसिद्ध' केला. दुकानांच्या काचांवर सूचना चिकटवल्या: ज्यांची हरकत असेल त्यांनी आराखडा पाहून मुदतीत लेखी नोंदवावी. लिंकवर बोट ठेवलं की समोर कोरं पान. काहींच्या फोनवर तेवढंही नाही. बोट दुखेपर्यंत दाबा, लिंक आपली ढिम्म.

यातली संतापाची गोष्ट अशी की गल्लीतल्या प्रत्येकाला वाटलं, दोष आपलाच. किल्ल्या बनवणाऱ्या काकांनी मुलाचा फोन मागून आणला. केस कापणाऱ्या ताईंनी चार वेगवेगळे ब्राउझर उतरवून घेतले, त्यातल्या एकाने त्यांच्या फोनवर जाहिरातींचा बाजार मांडला. पण शेजाऱ्याला कोणी विचारेना, कारण विचारलं तर आपण अडाणी ठरू. सगळे मूग गिळून बसले आणि पहिली मुदत निघून गेली. मग काचांवर दुसरी सूचना लागली: आराखडा सुधारला आहे, शेवटची मुदत अमुक दिवशी संपेल. लिंक तीच. त्या शेवटच्या दिवशी सकाळी आत्याने मला बोलावलं.

"ये गं जरा. मला आता घाबरायला होतंय," ती म्हणाली. माझी आत्या असं बोलत नाही.

तिला कशाची भीती होती ते सांगते. तिचं दुकान अरुंद आणि लांबट आहे. मागच्या भिंतीला गिऱ्हाइकाची खुर्ची, खुर्चीच्या वर उलट्या छापलेल्या अक्षरांचा तक्ता, आणि पुढे दाराजवळ आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतं, म्हणजे लहान जागेतही नजर तपासायला हवं तेवढं अंतर मिळतं. ते अंतर कसंबसं पुरतं. दुकानाचा पुढचा भाग रस्त्यात गेला, तर आरसा जवळ येणार, आणि जवळच्या आरशात सगळ्यांनाच सगळं वाचता येतं. "चुकीचा नंबर देऊन पैसे घेण्यापेक्षा मी दुकान बंद करीन," असं ती म्हणत होती, आणि ती खरंच करील. आयुष्यभर एकटीने चालवलेलं ते दुकान राहणार की जाणार, हे ठरवणारी रेषा त्या पीडीएफमध्ये होती, आणि पीडीएफ कोणाच्या बापाला उघडत नव्हतं.

मी छापखान्यात काम करते. छपाईआधी पानं तपासायची, फॉन्ट हरवलाय का, चित्र गायब झालंय का ते बघायचं. दिवसभर पीडीएफच उपसत असते, त्यामुळे त्या फायलींबद्दल मला काडीचाही आदर नाही. आत्याच्या काउंटरवरच्या संगणकात मी ते पान उघडलं, लिंकवर नुसता माउस नेला आणि खाली उमटलेला पत्ता वाचला. संकेतस्थळाचा पत्ता नव्हताच तो. त्यात लिहिलं होतं: सी ड्राइव्ह, डेस्कटॉप, नवीन फोल्डर, 'रस्ता फायनल फायनल'.

मी कपाळाला हात लावला.

"काय झालं?" आत्याने विचारलं.

"अगं, साहेबांनी फाईल संकेतस्थळावर चढवलीच नाही. ती त्यांच्या स्वतःच्या संगणकात पडलीये आणि लिंक तिथलाच पत्ता सांगतेय. आपण दाबलं की ती म्हणते, तुमच्याच संगणकात शोधा. आपल्याकडे कुठून असणार?"

"म्हणजे त्यांना दिसतं ते खरं?"

"त्यांना एकट्यालाच दिसतं."

घरच्या फडताळात लाडवाचा डबा ठेवायचा आणि गावभर सांगायचं, वाढलंय, जेवून घ्या, त्यातलाच हा प्रकार. आत्याने दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही दोघी खात्यात गेलो.

दिसतंयसाहेबांची खोली थंडगार होती. टेबलावर कागदाचा कपटा नाही, कारण ते खातं कागदमुक्त झाल्याची पाटी भिंतीवर होती. मी लिंकची भानगड समजावून सांगितली, सोप्या शब्दांत, दोनदा. पालथ्या घड्यावर पाणी. साहेबांनी शांतपणे आपल्या संगणकावर लिंक दाबली आणि खुर्चीत रेलले. "हे बघा. उघडलं. मला तर दिसतंय."

"साहेब, शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर एकदा उघडून दाखवा."

"तो तपासणीसाठी अधिकृत नाही. आमच्याकडे पद्धत आहे, मॅडम. प्रत्येक लिंक तीन अधिकारी तपासतात आणि 'उघडते' म्हणून सही करतात."

"तिघेही कुठे तपासतात?"

"याच संगणकावर. सांगितलं ना, अधिकृत हाच आहे."

तीन पगारदार माणसं एकामागून एक येऊन त्याच खुर्चीत बसली होती आणि त्याच डेस्कटॉपवरची तीच फाईल उघडून सही करून गेली होती. वर त्या संगणकातला ब्राउझर असा पुरातन, की ज्यांनी तो बनवला त्यांनीही त्याचा नाद केव्हाच सोडलेला. आजकालचा कुठलाही ब्राउझर अशी लिंक साहेबांनासुद्धा उघडून देत नाही. हा बिचारा देत होता.

"मग मला फाईल मेल करा," मी म्हटलं.

"एकदा प्रसिद्ध झालेली गोष्ट एकेकाला वेगळी देता येत नाही. पक्षपात होतो."

"छापून द्या."

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"निदान इथे बघू द्या."

"कार्यालयाचा पडदा बाहेरच्यांना दाखवायची परवानगी नाही."

आत्याने आयुष्यभर अनोळखी लोकांच्या हनुवटीला हात लावून त्यांची डोकी सरळ केली आहेत. टेबलाच्या पलीकडे जायला तिला परवानगी लागत नाही. ती सरळ फिरून साहेबांच्या खांद्यामागे उभी राहिली आणि पर्समधला चष्मा डोळ्यांवर चढवला. मीही मागोमाग गेले. पडद्यावर आमची गल्ली होती. दुकानं, विजेचे खांब, गटाराची झाकणं, सगळं नीट. आत्याचं दुकान एवढ्याशा चौकोनात होतं.

"रेषा कुठाय?" आत्या म्हणाली.

"कुठली रेषा?"

"नवीन रस्त्याची. रस्ता कुठून जाणार ती."

"आहे ना," साहेब म्हणाले.

"कुठे? बोट ठेवून दाखवा."

साहेबांचं बोट पडद्यावर फिरू लागलं. खांबावरून गटारावर, गटारावरून परत खांबावर. रेषा नव्हतीच. माझ्या लक्षात आलं, रेषा फायलीत वेगळ्या थरावर काढलेली असणार आणि हा म्हातारा ब्राउझर तो थर दाखवत नसणार. असे घोळ आमच्या छापखान्यात रोज सापडतात, म्हणूनच आम्ही नुसतं 'उघडलं' म्हणून सही करत नाही. इथे पहिल्या मुदतीपासून आजपर्यंत तीन अधिकारी रस्ता नसलेला रस्त्याचा आराखडा मंजूर करत आले होते.

"साहेब," आत्या म्हणाली, "माझ्या खुर्चीत बसून पुष्कळ लोक अंदाजाने अक्षरं सांगतात. लाजेपोटी. मी त्यांना हसत नाही, कारण नुकसान त्यांचंच होतं. तुमच्या अंदाजात माझं दुकान जाईल."

"आराखडा पूर्ण आहे की नाही, हे कोणी तपासलं?" मी विचारलं.

"त्याचा रकाना नाही," साहेब म्हणाले. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, त्याचाच जास्त राग आला.

आत्या तिथून हलायचं नाव घेईना, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यावरून आरेखकाला बोलावलं. आराखडा त्यानेच काढला होता. तो आपला लॅपटॉप काखेत मारून आला, जेवण अर्धवट टाकून उठवल्यासारखं तोंड करून. त्याने मूळ फाईल उघडली आणि तांबडी रेषा एकदम समोर आली. गल्लीच्या तोंडापासून ती सरळ येत होती आणि आत्याच्या दुकानापाशी आत घुसत होती. आरसा आणि खुर्ची यांच्या बरोबर मधून. समोरच्या बाजूला फर्निचरचं मोठं शोरूम आहे, त्याच्या पायरीलाही ती शिवलेली नव्हती.

"बघा," साहेब खुशीत म्हणाले, "दिसलं ना शेवटी?"

असल्या माणसाला काय म्हणावं, ते मला आजही सुचलेलं नाही.

आत्याने तिकडे लक्षच दिलं नाही. तिने आरेखकाला विचारलं, "ही आमच्याच बाजूला का वळली?"

"पहिल्या आराखड्यात मधोमधच होती," तो म्हणाला. "दोन्हीकडच्या फक्त पायऱ्या जात होत्या. पण शोरूमवाल्यांची हरकत आली. ते थेट माझ्या टेबलाशी येऊन बघून गेले होते. तुमच्या बाजूने एकही हरकत नाही. मग नियमाप्रमाणे रेषा हरकत नसलेल्या बाजूला सरकवायची."

मला किल्लीवाले काका आठवले, मुलाचा फोन हातात धरून पुन्हापुन्हा लिंक दाबणारे.

"हरकत नाही असं कोण म्हणालं?" आत्याचा आवाज चढला. "आख्खी गल्ली तुम्हाला फोन करत होती!"

"ते तांत्रिक तक्रारीत जातं," साहेब म्हणाले. "हरकत वेगळी. पण तुम्ही आधीच इथे का नाही आलात?"

"कारण तुम्ही आम्हाला ब्राउझर बदलायला सांगत होतात!"

मग ती साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसली. "आज मुदत आहे ना? लिहून देते हरकत."

"हरकतीचा नमुना संकेतस्थळावर..." साहेबांनी सुरुवात केली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच सोडलं. कागदमुक्त खात्यात कोरा कागद शोधायला शिपायाला दोन मजले हिंडावं लागलं. आत्याने मोजक्या ओळी लिहिल्या: मला रस्ता नको असं नाही, पण तो दोन्हीकडून सारखा घ्या. मी खाली जाऊन आवक टेबलावर शिक्का मारून आणला.

आरेखकाने शिक्का पाहिला. "दोन्हीकडून हरकत आली की मधोमध घ्यायची," तो स्वतःशीच पुटपुटला. त्याने माउसने ती तांबडी रेषा धरली आणि ओढली. रेषा आत्याच्या दुकानातून बाहेर निघाली, पायरीवर आली, थांबली. समोरच्या शोरूमची पायरीही आत गेली. "झालं. सही, साहेब." साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, दिसलं, सही केली.

मला वाटलं, आत्या आता हसेल, निदान हुश्श म्हणेल. ती त्या रेषेकडे बघतच राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"हो, एवढंच," आरेखक लॅपटॉप मिटत म्हणाला.

"पहिली सूचना लागली तेव्हापासून मला धड झोप नाही. जुन्या जुन्या गिऱ्हाइकांना सांगत होते, आता दुसरं दुकान बघा. तपासायची खुर्चीसुद्धा विकायला काढली होती मी. आणि हे एवढंच होतं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आत्याने उठून चष्मा पर्समध्ये ठेवला. दाराबाहेर पडल्या पडल्या तिने फोन काढला आणि ती एकेका जुन्या गिऱ्हाइकाला सांगू लागली, दुकान आहे, दुसरीकडे जाऊ नका.