मुकी टाळी

सातचा पाढा अर्ध्यावर आला आणि धनश्री कान दाबून टेबलाखाली शिरली. एकाच खोलीत तीन इयत्ता, सगळ्यांचा आवाज पत्र्याला धडकून परत येत होता. पोर स्वतःच्या मनगटाला चावत होती. गंगासागरबाईंनी हात वर करून पाढा थांबवला.

शाळा सुटल्यावर तिची आई मनिषा दारात उभी राहिली. दसऱ्यानंतर नवरा-बायकोला ऊसतोडीला जायचं होतं. सासू दगडाबाई नात सांभाळायला तयार होती. पण दिवसभर ती मजुरीला जायची. म्हणजे पोर शाळेत टिकायला हवी. नाहीतर उसाच्या फडावर, ट्रॅक्टरच्या घरघरीत न्यावी लागणार.

"बीडच्या डॉक्टरनं ऑटिझम हाय म्हनून सांगितलंय, बाई. आवाज सोसत न्हाई तिला. राहील का हितं?"

"बघू. आधी आमीच जरा गप बसायला शिकतो."

बाईंनी शाळेच्या टोलाच्या हातोडीला जुन्या कापडाचं धडपं गुंडाळलं. पाढे कुजबुजत म्हणायचे ठरले. शाबासकीला टाळ्या नाहीत. दोन्ही हात वर करून नुसती बोटं हलवायची. वर्गातल्या सत्यमनं या खुणेला नाव दिलं, मुकी टाळी. दारापाशी बसकर टाकलं, शेजारी चिंचोक्यांचा डबा. गलका सोसेना झाला की धनश्रीनं तिथं जायचं, कुणी काही विचारायचं नाही.

मुलं विसरत, ओरडत. ती बाहेर पळे. बाई मागे जात आणि हात न धरता जवळ बसून राहत. हळूहळू ती दारापर्यंतच जाऊ लागली. तिथं एकाला एक चिकटून चिंचोके मांडी आणि मग आपली आपण मुलांत येऊन बसे.

मनिषा रोज खिडकीआडून बघून जाई. पोर पहिल्यांदा शाळा सुटेपर्यंत टिकली, त्या दिवशी मनिषा दारात आली.

"लई चांगलं झालं," ती म्हणाली. "आता हिला ठिवून जावं लागंल, बाई."

तोडीचा ट्रॅक्टर सकाळी शाळेवरून निघाला. त्यावरचं दणदणतं गाणं शाळेआधीच्या वळणावरच बंद झालं. मनिषा बोचक्यांवर बसली होती. तिनं हाक मारली नाही. दोन्ही हात वर करून बोटं हलवत राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

बसकरावरच्या धनश्रीनं मान वर केली नाही. बाईंनीच हात वर केले. मागोमाग मुलांनीही.

धुरळा खाली बसल्यावर बाईंनी वळून पाहिलं. चिंचोक्यांची रांग उंबरा ओलांडून रस्त्याकडे गेली होती, आणि धनश्री उन्हात उकिडवी बसून पुढचा चिंचोका लावत होती.