गोलरेषेवरचा हात

"दुल्हाभाई, हात लागलाच नाय! आईशप्पथ!"

अली गोलरेषेवर उभा राहून ओरडत होता. फैझान मुकादमने शिट्टी तोंडातून काढली. गोलकीपरला चुकवून गोलमध्ये चाललेला चेंडू अलीने हाताने अडवलेला त्याने दहा पावलांवरून पाहिला होता. जयगडच्या मैदानावर अंतिम सामना, बरोबरी, शेवटची तीन मिनिटं. आणि अली म्हणजे त्याच्या बायकोचा, फातिमाचा, धाकटा भाऊ.

फैझान नऊ वर्षं गोव्याच्या क्लबकडून पगारी खेळला. याच गावाने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं. उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, क्लबने नारळ दिला, आणि त्याने रेफ्रीची परीक्षा दिली. आज मुंबईहून निरीक्षक आला होता. त्याने पास केलं की राज्याच्या पॅनेलवर नाव लागणार होतं.

अली जवळ आला. आवाज खाली आला.

"रविवारी जिल्ह्याची निवड हाय. लाल कार्डवाल्याला उभा करनार नायत. तुमाला ठावं हाय ना?"

"ठाऊक आहे."

"मग? कुनी बघितला नाय."

"मी बघितला, अली."

फैझानने लाल कार्ड वर धरलं आणि पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं.

अलीने कार्डाकडे बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "तुमचा गुडघा गेला, म्हनून आमचे पाय तोडताय."

रत्नागिरीच्या संघाने पेनल्टी मारली. गोल झाला. मग माणसं मैदानात घुसली. "लंगड्या! लंगड्या!" एकाने दूर उभं राहून फैझानच्या चालीची नक्कल केली, तेव्हा म्हातारेसुद्धा हसले. लाल मातीची ढेकळं पाठीवर बसत होती. उरलेला खेळ पोलिसांच्या कड्यात संपवावा लागला.

निरीक्षकाने कागदांवरची माती झटकली.

"निर्णय अचूक होता. पण मैदान तुमच्या हातात राहिलं नाही. यंदा शिफारस करता येणार नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"वयाच्या अटीत बसणार नाही ना तुम्ही."

घरी फातिमा दारातच उभी होती.

"तुमी मान वळवली असती तर काय झाला असता?"

फैझान बूट काढून आत गेला. अलीचं वाक्य आत कुसळासारखं रुतलं होतं. कार्ड काढताना मनात कुठे बरं वाटलं होतं का? त्याने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. 'नाही' म्हणायला जीभ धजेना.

रविवारी निवड झाली, अलीशिवाय. महिन्याने तो एका ठेकेदाराकडे माल उतरवायच्या कामाला लागला. ईदला आला तेव्हा बहिणीच्या हातचा शीरखुर्मा खाल्ला, आणि दुल्हाभाईला सलाम न करता गेला.

फैझान आता शाळांच्या स्पर्धा घेतो. मंडणगडला सामना असला की पहाटेची एसटी धरतो. त्याचे रेफ्रीचे काळे कपडे फातिमा धूत नाही. बाकी घरात काही कमी करत नाही. जेवण वेळेवर वाढते.

परवा दुपारी तिने अंगणातल्या तारेवरचे वाळलेले कपडे काढले. स्वतःची ओढणी, सासूची साडी, चादरी. तेवढा एक काळा शर्ट बाजूला सरकवून ती आत गेली.

फैझान बाहेर आला. शर्ट अजून कॉलरपाशी दमट होता. त्याने तो उलटा करून उन्हाकडे धरला आणि वाळेपर्यंत तसाच उभा राहिला.