कच्चा चुना

त्या मंगळवारी सकाळी येसाजी ओटीवर बसून, बायको आली की तिला काय काय बोलायचं ते मनाशी ठरवत होता. भागूबाई लेकीकडं गेली होती. लेक जना नुकतीच बाळंत झालेली. तिचं सासर ओढ्यापलीकडं, कोसभर अंतरावर. निघताना येसाजीनं बायकोला बजावलं होतं, "सोमवारी दिवे लागायच्या आत घरात पाय दिसला पायजे." सोमवार गेला, भागूबाई आली नाही. येसाजीला वाटलं, बाई नातवाच्या मायेत गुंतली आणि नवऱ्याचा शब्द विसरली. सकाळी त्यानं स्वतःच चहा केला. तो नीट झाला नाही, तेव्हा राग आणखी चढला.

तेवढ्यात शेजारचा हिरामण आला. तो अंगणातच थांबला, वर आला नाही. त्याच्या हातात एक ओलं गाठोडं होतं. ओढ्याच्या वळणावर करंजाच्या फांदीला अडकलं होतं, असं तो म्हणाला. गाठोडं भागूबाईचं होतं. आत जनाच्या सासूनं दिलेले पोहे होते, भिजून त्यांचा लगदा झाला होता. दुपारी खालच्या शेताच्या बांधाला भागूबाईही सापडली.

हे पंचेचाळीस सालच्या श्रावणातलं. एवढ्या पुरात ती पाण्यात का उतरली, हे येसाजीला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. पाणी एकाएकी वाढलं असेल, एवढंच तो म्हणायचा. बारावं झाल्यावर जना बापाच्या घरी पुन्हा आली नाही. मूल लहान आहे, घरात लावणी आहे, कापणी आहे, अशी कारणं येसाजी स्वतःच शोधून घ्यायचा.

तेव्हापासून त्याला पाण्याची भीती बसली. बावीस वर्षं रेल्वेच्या गँगवर काम केलेला माणूस, त्यातली बारा वर्षं मुकादम. कर्जतच्या वरच्या घाटात दरीकडेच्या भिंती बांधताना त्याचा हात कधी कापला नव्हता. आता ओढ्याचा नुसता आवाज आला तरी त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा.

पुढल्या वर्षी भात झोडून झाल्यावर गुप्तेसाहेब त्याला शोधत आले. ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. पदवीच्या तिसऱ्या वर्षाची नऊ मुलं घेऊन ते जवळच्या कडावच्या शाळेत दीड महिना राहणार होते आणि त्या ओढ्यावर मुलांच्या हातून दगडी कमानीचा पूल बांधून घेणार होते. साहेब म्हणाले, "या मुलांनी कमानीवर पेपर लिहिलेत. चांगले गुण मिळवलेत. पण चुन्याला हात लावलेला एकही नाही. आमच्याकडं कॉलेजच्या कारखान्यात काम मिस्त्री करतो आणि मुलं वहीत सही करतात. हे मोडायचं आहे. तुम्ही शिकवाल का?"

कॉलेजातल्या वरच्या मंडळींना हा उद्योग पसंत नव्हता. शिकलेल्या घरची मुलं चिखलात कशाला उतरवायची, असं त्यांचं म्हणणं. पूल नीट झाला तर दरवर्षी मुलं अशी बाहेर जाणार होती. फसला तर हे पहिलं आणि शेवटचं. येसाजीनं ऐकून घेतलं आणि फक्त जागा विचारली. जागा भागूबाई जिथं उतरली होती तीच होती. तो हो म्हणाला.

मुलं आली. पहिले दोन दिवस गंमतच झाली. कामावर माल वाहायला गोदूबाई होती, भागूबाईची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती अशीच कामं करून राहत असे. एका मुलाला चुन्याचं घमेलं उचलेना, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या परीक्षा पास झालास नि घमेलं उचलत नाय व्हय रं? त्याची परीक्षा नाय वाटतं कालेजात?" मुलं हसली, तोही हसला आणि दुसऱ्या खेपेला त्यानं घमेलं उचललं.

येसाजी हसत नसे. त्यानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना घाटातल्या गवंड्यांची रीत सांगितली. कमान ज्या लाकडी साच्यावर बांधायची, तो साचा काम सुकल्यावर खालच्या पाचरी ठोकून काढतात. त्या वेळी ज्यानं कमान बांधली तो कमानीखाली उभा राहतो. "ज्याची कमान त्याच्याच डोक्यावर," तो म्हणाला. "म्हंजे हात आपोआप नीट चालतो."

खरं तर हे सांगताना तोच भ्याला होता. ही पोरं याच पाण्यात, याच दगडांखाली उभी राहणार. एखादा दगड सुटला तर? ती भीती त्याच्या तोंडून शिव्या होऊन बाहेर पडे. ओळंबा जवभर चुकला तर तो सगळ्यांसमोर पाणउतारा करी. विठू नावाच्या मुलानं एकदा एक दगड उलटा बसवला, तर येसाजीनं त्याला तो दगड डोक्यावर घेऊन अर्धा तास उभं केलं. गुप्तेसाहेबांना ते रुचलं नाही, पण काम झपाट्यानं होत होतं, म्हणून तेही गप्प बसले. मुलं मात्र विचारेनाशी झाली. येसाजी जवळ आला की बोलणं थांबायचं. येसाजीला वाटलं, आता शिस्त लागली.

चुन्याचं काम मोरूकडं होतं. अंगानं बारीक, पण मन लावून करणारा मुलगा. भट्टीतून आलेला चुना खड्ड्यात पाणी घालून दहा दिवस विझवायचा, मग चाळायचा, मग वाळू घालून घाणीत, म्हणजे बैल फिरवतात त्या दगडी चाकाखाली, मळायचा. नीट न विझलेला खडा बांधकामात गेला, तर तो पुढं आतल्या आत ओल धरतो, फुगतो आणि सांधा फोडतो. हे मोरूनं वहीत सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं.

ज्या दिवशी कमानीच्या माथ्याचे दगड बसवायचे होते, त्या दिवशी ऐन वेळी चुना संपला. वरून येसाजी ओरडू लागला, "चुना कुठाय? झोपलास काय रं? तुज्या बानं कधी चुना बगितला होता काय?" मोरू धावला. जुन्या खड्ड्यात काही नव्हतं. नव्या खड्ड्यातला चुना तीन दिवसांचा होता. हे सांगायला तो पाच पावलं पुढं आला, येसाजीचा चेहरा बघितला आणि परत फिरला. त्यानं तोच चुना उपसला, न चाळता घाणीत फिरवला आणि वर पाठवला. संध्याकाळी कमानीचा शेवटचा दगड बसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोरू हात धूत बसला होता.

साचा काढायचा दिवस ठरला. तालुक्याच्या लोकल बोर्डाचे अध्यक्ष येणार, कॉलेजातले दोघे येणार, शाळेची पोरं गाणं म्हणणार असं सगळं ठरलं. तो दिवस जवळ आला तसा मोरू जेवेनासा झाला. शेवटी दोन दिवस राहिले, तेव्हा त्यानं गुप्तेसाहेबांना विचारलं, खाली मी एकटा उभा राहिलो तर चालेल का? साहेबांना ते धाडस वाटलं. त्यांनी पाठ थोपटली.

गोदूबाईला ते धाडस वाटलं नाही. तिनं त्याला घाणीमागं गाठलं आणि भाकरीचा तुकडा हातात देऊन विचारलं. मग त्यानं सगळं सांगितलं.

दुपारी येसाजी करंजाकडं पाठ करून बसला होता. तिथं बसायचं तर तो नेहमी तसाच बसे. गोदूबाईनं त्याला चुन्याची गोष्ट सांगितली. तो उठला आणि त्यानं पाचरीचं लाकूड उचललं.

"दाजी, लाकूड खाली ठेवा," गोदूबाई म्हणाली. "त्याला मारून चुना पिकनार हाय का?"

"माणसं मेली असती गोदू! त्यानं मला सांगायचं होतं."

"मला सांगितलं, तुमाला नाय. का, ते इचारा सोताला."

"भ्या असल्याबिगर काम नीट होत नाय. बावीस वर्सं बगितलंय मी."

गोदूबाई त्याच्या जवळ आली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "ताईला लय भ्या होतं तुमचं. तिचं झालं का नीट?"

येसाजीला कळेना. तो तसाच लाकूड धरून उभा राहिला.

"जनानंच मला सांगितलं, त्या सांजेला ती ताईचा पदर सोडत नव्हती. आये, पानी उतरू दे, उद्या जा, म्हनत होती. सासू म्हनत होती, जाऊ नका. ताई म्हनाली, सोमवार सांगितलाय. उद्या गेले तर महिनाभर ऐकावं लागंल. पान्याचं भ्या घडीभराचं, घरातलं रोजचं. नि उतरली." गोदूबाईनं डोळ्याला पदर लावला. "जना म्हनूनच येत नाय दाजी. तिला तुमचं त्वांड बगवत नाय."

"आनि तू दीड वरीस गप बसलीस?"

"मी पन भ्यालेच की."

येसाजी खाली बसला. आपण पाण्याला दोष देत आलो. पाणी दर वर्षी येतं. त्या दिवशी तिला मागून ढकलणारं जे होतं, ते त्याच्याच घरातून, त्याच्याच ओटीवरून आलं होतं. आणि तेच त्यानं इथं आणून नऊ मुलांच्या मागं लावलं होतं. त्यातला एकजण तर स्वतःहून कमानीखाली मरायला उभा राहत होता, पण 'चुकलो' म्हणायला पुढं येत नव्हता!

बऱ्याच वेळानं तो उठला. मुलं भात खात होती. त्याला बघून ताटांवरचे हात थांबले. मोरू पांढरा पडला.

येसाजीला भाषण येत नव्हतं. तो म्हणाला, "पोरांनो, वरच्या दगडांत कच्चा चुना गेलाय. तो मोरूच्या हातानं गेला, पन माज्या ओरडन्यानं गेला. चूक पयली माजी. आनखी कुनाचं काय राहून गेलं आसंल तर सांगा. मी काय बोलनार नाय. माज्या गेलेल्या मंडळीची शपथ."

मुलं एकमेकांकडं बघू लागली. मग विठू चाचरत म्हणाला, "उजवीकडच्या तिसऱ्या दगडाला चीर आहे. मी ती बाजू आत वळवून बसवली." त्याच्या मागून आणखी एकानं सांगितलं, डावीकडचा पाया भरताना मुरूम त्यानं नीट ठोकला नव्हता. येसाजी ऐकत राहिला. एकेक चूक तो बोटांवर मोजत होता. एवढं सगळं पोटात घेऊन ती कमान उभी होती आणि तिच्याखाली परवा ही मुलं उभी राहणार होती.

मोरू आता रडत होता. येसाजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायची सवय नसल्यामुळं तो जरा जोरातच पडला.

गुप्तेसाहेबांना सांगितलं तेव्हा तेही घाबरले. त्यांची वर्षभराची खटपट पाण्यात जात होती. साचा काढायचा दिवस पुढं ढकलावा, काहीतरी कारण सांगावं, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते स्वतःच थांबले आणि म्हणाले, "नाही. मुलं बोलली, आता मी कसा लपू?" रविवारी पाहुण्यांसमोर साचा निघाला नाही. त्याऐवजी मुलांनी एकेक करून वरचे दगड उतरवले आणि प्रत्येकानं आपलं काय चुकलं ते सांगितलं. मोरूनं सांध्यातला पांढरा खडा काढून तळहातावर घेतला आणि त्यावर पाणी टाकलं. खडा फुगला, फुटला. अध्यक्ष नाराज होऊन लवकर निघून गेले. कॉलेजातल्या दोघांपैकी एकजण मात्र तो खडा बघत उभा राहिला. हे आपण चार वर्षांत एकदाही दाखवलेलं नाही, असं तो गुप्तेसाहेबांना म्हणाला.

डावी बाजू तळापर्यंत उतरवून पाया उकरला आणि मुरूम पुन्हा ठोकला. चिरेचा दगड बदलला. चुना दहाच्या जागी पंधरा दिवस विझवला. माथा पुन्हा बसवून झाल्यावर, ठरल्यापेक्षा उशिरा, मुलं परत गेली. साचा फाल्गुनापर्यंत तसाच ठेवला. साचा काढायच्या दिवशी मोरू, विठू आणि आणखी तिघे पहाटेच्या गाडीनं कर्जतला उतरून चालत आले. कुणी बोलावलं नव्हतं. पाचरी सुटू लागल्या तेव्हा कमानीखाली येसाजी आणि मोरू शेजारी शेजारी उभे होते. येसाजीनं त्याला विचारलं, "भ्या वाटतंय?" मोरू म्हणाला, "हो." येसाजी म्हणाला, "मलाबी." कमान गहूभर खाली बसली, किरकिरली आणि थांबली. मग काही झालं नाही.

वाचकहो, आपल्या घरात, शाळेत, कारखान्यात आपण धाकाला शिस्त म्हणतो. समोरचा गप्प झाला की तो शिकला असं समजतो. पण गप्प झालेला माणूस चूक करायची थांबत नाही, फक्त सांगायची थांबतो. हाताखालच्या माणसाला, शिकणाऱ्या मुलाला, घरातल्या बाईला 'चुकलं', 'जमत नाही', 'आज नको' हे न भिता म्हणता आलं पाहिजे. ज्याच्यासमोर ते म्हणता येतं, तोच खरा शिकवणारा. हे समजायला येसाजीला एक माणूस गमवावं लागलं. आपल्यापैकी कुणाला तसं समजून घ्यावं लागू नये.

पुलावरून आता बैलगाडी जाते. दोन्ही बाजूंचे कठडे अजून बांधायचे आहेत. पुढच्या हिवाळ्यात मुलं येणार की नाही, याचं कॉलेजातून अजून पत्र आलेलं नाही. आणि पूल ओलांडून, जनाच्या दारात जाऊन, "तुजी आय माज्या भ्यानं गेली," हे येसाजीनं अजून सांगितलेलं नाही.