बयनाबाईच्या अंगातली आग

मित्रांनो, मी एक जुना रबरी पुतळा आहे. उंचीने हातभर. डोक्यावर केस नाहीत, अंगावर कपडा नाही. पण टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत चौदा रेघा आणि त्यांवर साडेतीनशेच्या वर ठिपके आहेत. चिनी वैद्यकात कुठल्या त्रासासाठी सुई कुठे टोचतात, हे शिकणाऱ्यांना कळावं म्हणून मला घडवलं. माझे ठिपके रंगवणाऱ्या बाईला मध्येच शिंक आली, त्यामुळे डाव्या गुडघ्यावर एक ठिपका जास्तीचा पडला आहे.

सुनयनाताईंनी शिकत असताना मला विकत घेतलं. पुढे त्यांनी तेलंगणातल्या इचोड्यात हमरस्त्याला लागून एक खोली घेतली आणि दारावर 'ॲक्युपंक्चर' अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात तीन ट्रकवाले चाक घेऊन आले. ताई हसून त्यांना शेजारच्या पंक्चरच्या दुकानाकडे पाठवत. त्यातला एक जण थोड्या वेळाने कंबर धरून परत आला. "चक्का तो हो गया, अब मेरा देखो," म्हणाला. तोच आमचा पहिला रोगी.

एका गुरुवारी तलमडुगुकडच्या एका शाळेतल्या प्रतिभा मॅडम एका बाईंना घेऊन आल्या. त्या बयनाबाई. वय एकोणपन्नास. पंधरा वर्षं त्या शाळेत मुलांचा दुपारचा स्वयंपाक करत होत्या. त्यांचे यजमान, भगवानराव, सोबत आले होते. पण ते बाहेरच्या बाकड्यावरच बसले.

"काल यांनी पळी फेकली आणि उद्यापासून येत नाही म्हणाल्या," मॅडमनी सांगितलं. "दीडशे लेकरं यांच्या हातचं सांबार खातात. मलाही दोन वर्षांपूर्वी असंच व्हायचं, इथं येऊन बरं वाटलं, म्हणून यांना आणलं."

"काय होतं, बयनाबाई?" ताईंनी विचारलं.

बयनाबाई नुसत्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. मग ताईंनी मला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "याच्या अंगावर दाखवा. बोलायचं नसेल तर बोलू नका."

बऱ्याच वेळाने एक खरखरीत बोट माझ्या छातीखाली टेकलं आणि गळ्यावरून वर सरकत गेलं.

"इथून आग निघते, अन् इथवर चढते," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी असली का लुगडं भिजून जाते. झोप नाही. लेकरानं दुसऱ्यांदा भात मागतला तरी मी अंगावर धावते. मी अशी नव्हती, डॉक्टरबाई."

"पाळी?"

"आठ महिने झाले, आली नाही." हे त्या इतक्या हळू बोलल्या की जणू माझ्या कानातच सांगितलं.

ताईंनी त्या दिवशी एकही सुई टोचली नाही. आधी स्त्रियांच्या डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या, म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी बयनाबाई कागद घेऊन आल्या. दुसरा आजार काही नव्हता. पाळी जाण्याचं वय होतं. त्या डॉक्टरांनी गोळ्यांचंही सांगितलं होतं, पण आधी सुया करून बघायचं बयनाबाईंनी ठरवलं होतं.

आता ताईंनी भगवानरावांना आत बोलावलं आणि मला टेबलावर उभं केलं. "चिनी वैद्य म्हणतात, शरीरात ऊब असते तसा थंडावाही असतो. या वयात थंडावा आटतो. भांड्यातलं पाणी आटलं की खालचा जाळ तेवढाच राहूनही बूड करपतं, तसं."

बयनाबाईंनी मान डोलावली. भगवानराव मात्र हातातली टोपी फिरवत होते.

"मले वाटलं, आमच्या वैभवची माय माह्यावरच राग धरून राह्यली," ते शेवटी म्हणाले. "म्हणून मी लवकर जेवून वावरात निघून जात होतो."

बयनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अन् मले वाटे, तुमी मले कटाळले."

मला तर हलताही येत नाही, पण त्या दिवशी हलावंसं वाटलं.

मग बयनाबाई आडव्या झाल्या आणि डोळे गच्च मिटून म्हणाल्या, "टोचा आता."

"पाच टोचून झाल्या," ताई म्हणाल्या.

बयनाबाई हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जाताना त्यांनी एखादी चिनी पुडी मागितली. "जिच्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, ती पुडी मी देत नाही," ताईंनी सांगितलं. त्याऐवजी चहा आणि तिखट कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं.

सगळ्यांनाच सुयांनी गुण येतो असं नाही, हे मी इतकी वर्षं बघतो आहे. बयनाबाईंना आला. तिसऱ्या आठवड्यात झोप लागली. दिवसातून दहादा येणारी आग दोन-तीनदा येऊ लागली. ती पुरती गेली नाही. पण भगवानरावांनी शाळेत जाऊन चुलीसमोरच्या भिंतीला खिडकी पाडून दिली, आणि बयनाबाई पुन्हा कामावर रुजू झाल्या.

माझे दिवस मात्र पालटले. ताईंनी नवा, मोठा पुतळा आणला. मला फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दोन उन्हाळ्यांत माझी काख फाटली, धूळ साचली. एक दिवस भगवानराव आले. "तो जुना मले द्या," म्हणाले. ताईंनी मला पुसून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मला गावातल्या चहाच्या टपरीवर नेऊन बाकड्यावर उभं केलं. गावचे चंपतराव हसले, "काऊन भगवानराव, या वयात बाहुली?"

"हसू नका. इकडं पाहा," भगवानराव म्हणाले, आणि माझ्या छातीपासून गळ्यापर्यंत बोट नेत त्यांनी सगळं सांगितलं. थंडावा, आग, झोप, राग. काही गोष्टी चुकल्याही. पण लाजले नाहीत. टपरीवरचे गडी आधी खुसखुसले, मग ऐकू लागले. चंपतरावांनी कप खाली ठेवला. चहा अर्धाच झाला होता. ते उठले आणि घराकडे चालू लागले.

पुढच्या गुरुवारी भगवानराव बयनाबाईंना घेऊन इचोड्याला गेले होते. परत आल्यावर त्यांनी टपरीवर सांगितलं, ताईंच्या दारातल्या बाकड्यावर चंपतराव बसले होते, बायकोची पिशवी मांडीवर घेऊन.

मित्रांनो, मी रबराचा आहे, मला काही दुखत नाही. पण तुमच्या घरात आई, मावशी, आत्या आहेत. त्या उगाच चिडल्या, रडल्या, जेवता जेवता उठून वाऱ्याला जाऊन उभ्या राहिल्या, तर रागावू नका. पाणी द्या, जवळ बसा आणि विचारा, काय होतंय. उत्तर लगेच येणार नाही. तरी बसून राहा.