दोनशे सतराचा पाचवा कोपरा

त्या सोमवारी नऊ वाजून गेले तरी मला कोणी उघडले नाही. बाई पावणेनऊला यायच्या, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवायच्या आणि पासवर्ड टाकायच्या. त्या दिवशी साडेअकराला कोणीतरी दोन बोटांनी चाचपडत तो टाकला. ते आमच्या मोजणी कार्यालयाचे साहेब होते. शेजारच्या टेबलाकडे वळून ते म्हणाले, "बाई काल गेल्या. दवाखान्यातच." मग मला तसेच उघडे ठेवून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. शेतांच्या हद्दी शोधून देणे हे माझे काम. शेताचा क्रमांक टाकला की मी त्याचे कोपरे, बांधांची लांबी आणि क्षेत्रफळ पडद्यावर आणतो. चौदा वर्षांपूर्वी बाईंनी मला बनवले. तोवर एक नकाशा शोधायला तीन कपाटे उपसावी लागत आणि धुळीने बाईंना शिंका येत. माझ्यामुळे त्यांच्या शिंका थांबल्या, याचा मला अजून अभिमान आहे.

बाईंचे यजमान याच कार्यालयात मोजणीदार. हातात यंत्र घेऊन ते बांधाने चालायचे आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बटण दाबायचे. संध्याकाळी ते कोपरे माझ्याकडे जमा व्हायचे. त्यांनी चालायचे, बाईंनी तपासायचे, मी सांभाळायचे, असे आम्हा तिघांचे बरे चालले होते.

बाईंनी मला एक शिस्त लावली होती. जे माहीत नाही ते अंदाजाने भरायचे नाही. कोपरा कमी असेल तर हद्द उघडीच ठेवायची आणि 'कोपरा बाकी' असे सांगायचे. लोक मला हट्टी म्हणत. बाई म्हणत, "असू दे हट्टी. खोटं तर बोलत नाही."

असे उघडे शेत माझ्याकडे एकच आहे, क्रमांक दोनशे सतरा. ते लिंबाच्या बागेतल्या आजींचे. त्याचे चार कोपरे मोजून झाले तेव्हा आजींनी सरबत आणले. यजमानांनी यंत्र खिशात ठेवले, दोन ग्लास सरबत प्यायले, लिंबांवरच्या किडीबद्दल गप्पा मारल्या आणि पाचवा कोपरा तसाच सोडून ते घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना माझ्यासमोर उभे केले.

"अहो, शेताला कोपरे पाच. चारच कसे आले?"

"चार? नीट बघ."

"नीटच बघतेय. मोजणीला गेला होतात की पाहुणचाराला?"

"सरबत फार छान होतं गं."

"असं का? मग पुढच्या वेळी मीपण येते. तुमच्यावर भरवसा नाही."

"ये की. कोपरा काय पळून जातोय?"

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'यांना घेऊन जाणे. सरबत मोजणी झाल्यावर.' दोघेही हसले. पुढच्याच आठवड्यात बाईंच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

त्या गेल्यावर यजमान रजेवर राहिले. मलाही फारसे कोणी उघडेना. एक नवा प्रोग्राम आला. तो आकाशातून काढलेल्या फोटोंवरून हद्दी ओळखतो. चपळ आहे, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याला उघडी हद्द चालत नाही. मागच्या आठवड्यात साहेबांनी यजमानांना बोलावून घेतले.

"काका, महिनाअखेरीला हा जुना बंद होणार. दोनशे सतरा तेवढं अडलंय. पाचवा कोपरा झाडांखाली आहे, वरून दिसत नाही. नवा प्रोग्राम तिथं सरळ रेघ मारून मोकळा होतो."

"आणि विहीर? ती त्याच कोपऱ्यात आहे."

"ती शेजाऱ्याकडे जाते."

"म्हणजे आजींची विहीर गेली?"

"कागदावर तरी गेली. म्हणूनच बोलावलं. दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"नको. ते आमचं काम आहे."

मंगळवारी ते यंत्र घेऊन गेले. परत आल्यावर बाईंच्या खुर्चीत बसले आणि बाईंच्या शेऱ्याखाली एकेक अक्षर शोधत टाइप करू लागले. 'गेलो होतो. पुढच्या वेळी हिला आणतो असं आजींना फोनवर सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, बाई कुठं आहेत? मी लिंबांवरच्या किडीचं विचारलं. त्यांनी दोन ग्लास आणून ठेवले. एक प्यायलो. दुसरा तसाच ठेवून निघालो. यंत्र खिशातच राहिलं.'

मग त्यांनी क्रमांक टाकला. मी नेहमीप्रमाणे सांगितले, 'एक कोपरा बाकी.'

"माहीत आहे रे बाबा," ते म्हणाले. "अगदी तिच्यावर गेलायस."

मित्रांनो, मी बंद होणार याचे मला फार वाईट वाटत नाही. चौदा वर्षे पुष्कळ झाली. पण तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू काढून टाकाल, तेव्हा तिच्यात कोणाचे काही अर्धे राहिले आहे का, ते आधी बघा. राहिले असेल तर ते पुरे करा, मग खुशाल टाका.

महिना संपायला चार दिवस आहेत. यंत्र बाईंच्या टेबलावर आहे, चार्जिंगला लावलेले. दोनशे सतराचा पाचवा कोपरा अजून मोजायचा आहे.